मुरूम न होणारा दगड

"डोंगर एवढा बुटका, मग लोक एवढे कुरकुरतात कशाला?"

अ‍ॅपलाचियन ट्रेलचा उंचीचा आलेख पहिल्यांदा पाहणारा माणूस पेनसिल्व्हेनियाच्या पानावर आला की हा प्रश्न विचारतोच, आणि प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगांमधून जाणारी ही पायवाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. वाटेत २,००० मीटरच्या वर जाणारा माथा आहे. शेवटचा कटाडिन आपल्या कळसूबाईहून जेमतेम चाळीसेक मीटरने कमी. आणि पेनसिल्व्हेनियात काय आहे? तिथे वाट बराच काळ ब्लू माउंटन नावाच्या लांबलचक धारेवरून जाते आणि या धारेची उंची बहुतेक ठिकाणी ४०० ते ५०० मीटर भरते. पुणे शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. थोडक्यात, ही धार शनिवारवाड्याच्या पायथ्याहूनही खाली आहे.

तरीही एका दमात ट्रेल पुरा करायला निघालेली माणसं, ज्यांच्या पायाखालून एव्हाना दीड-दोन हजार किलोमीटर गेलेले असतात, ती या राज्याला 'रॉकसिल्व्हेनिया' म्हणतात. बूट मरायला इथे येतात, अशी त्यांच्यात म्हण आहे. वाटेची देखभाल करणारे स्वयंसेवक दर वसंतात दगडांना नव्याने धार लावतात, हा त्यांचा दुसरा विनोद. तेव्हा या प्रकरणात आपण उंचीचा विचार बाजूला ठेवू आणि पायाखाली पाहू.

१. वाट असते कशी?

पेनसिल्व्हेनियात ट्रेलची लांबी सुमारे ३७० किलोमीटर आहे. सगळी काही दगडांची नाही. दक्षिणेकडे कंबरलँड खोऱ्यात वाट शेताच्या बांधाने जाते, माती मऊ असते. सस्क्वेहॅना नदी ओलांडून डंकननहून पुढे गेलं की धार सुरू होते आणि पोर्ट क्लिंटननंतर वाटेचा नूरच पालटतो.

सह्याद्रीत फिरलेल्यांना दगड नवीन नाहीत. पण आपल्याकडचा त्रास बहुतेक वेळा एका जागी गोळा झालेला असतो. एखादा रॉक पॅच, एखादा घसाऱ्याचा टप्पा, तो पार केला की पुन्हा मळलेली वाट. ब्लू माउंटनवर तसं नाही. माथा रुंद, दोन्ही बाजूंना ओक आणि मेपलची झाडी, चढ नाही, उतार नाही, आणि वाटेच्या सगळ्या रुंदीत गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या मापाचे धोंडे. त्यातले बरेचसे आडवे पडलेले नसतात. ताटाळ्यात उभ्या केलेल्या ताटांसारखे ते कडेवर उभे असतात, आणि दोन ताटांच्या मधल्या फटीत गेल्या वर्षीचा पाला भरलेला. फटीची खोली पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही. एक धोंडा हलतो, शेजारचा हलत नाही, आणि दोघेही दिसायला सारखेच. असं तासन् तास चालू राहतं.

"मग स्वयंसेवक ते दगड उचलून बाजूला का ठेवत नाहीत?" हाही नेहमीचा प्रश्न. खालीही दगडच आहेत. एक उपटला की तिथे खड्डा उरतो, आणि खड्ड्याच्या तळाशी पुढचा दगड बसलेलाच असतो.

२. हे दगड आले कुठून?

ब्लू माउंटनवरचा एखादा धोंडा जवळून पाहावा. रंग फिकट राखाडी, आणि अंगात वाटाण्याएवढे, कुठे सुपारीएवढे दुधी पांढरे गोल खडे रुतलेले. त्या गारगोट्या आहेत. चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या पूर्वेला उंच डोंगर होते. नद्यांनी ते झिजवून त्यांची रेती आणि गोटे इथे आणून टाकले. थरावर थर बसला आणि गारगोटीच्याच मालाने रेतीचे कण एकमेकांना चिकटवून टाकले. पुढे तीसेक कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेचा भूखंड येऊन धडकला, तेव्हा या थरांना मोठमोठ्या घड्या पडल्या. वरखालचे मऊ थर पावसापाण्याने वाहून गेले, त्यांच्या दऱ्या झाल्या. गारगोटीचा टणक थर तेवढा धार होऊन उरला.

आता या दगडाची आणि आपल्या काळ्या दगडाची प्रकृती वेगळी कशी, ते पाहू. सगळी मेख तिथेच आहे.

सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. फोडायला तो कठीण आहे, पण त्यातली खनिजं ओल्या उबदार हवेत टिकत नाहीत. पाणी लागलं की हळूहळू सडतात. दगडाचे पापुद्रे सुटतात, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. ही माती दगडांच्या सांदीत भरते, त्यावर गवत उगवतं, गुरं चालतात आणि वाट मळते. गारगोटी यातलं काहीच करत नाही. ती पाण्यात सडत नाही, तिची चिकणमाती होत नाही. चाकूच्या पोलादाने तिच्यावर ओरखडाही उठत नाही. ती फक्त फुटते. फुटलेला तुकडाही गारगोटीच राहतो, कडा तेवढ्या नव्या.

मग फोडलं कोणी? पुष्कळांना वाटतं, हिमनदीने दगड इथे आणून टाकले. तसं झालेलं नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेली बर्फाची प्रचंड चादर डेलावेअर वॉटर गॅप या खिंडीवरून थोडी पुढे आली आणि थांबली. नैर्ऋत्येकडची धार त्या चादरीबाहेर राहिली. बाहेर राहिली म्हणजे सुटली असं नाही, कारण बर्फाच्या शेजारी हवा ध्रुवाजवळच्या प्रदेशासारखी होती. पाणी दगडाच्या भेगेत शिरायचं, गोठायचं, वितळायचं, पुन्हा गोठायचं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. काचेची भरलेली बाटली फ्रीझरमध्ये विसरली की काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. हजारो हिवाळे हे चाललं आणि धारेचा माथा जागच्या जागी फुटून निघाला. जमिनीतलं पाणी गोठून फुगताना सुटे तुकडे वर ढकलले गेले, काही कडेवर उभे राहिले. आधीच थोडी असलेली बारीक माती उतारावरून धुऊन गेली.

याचा उघडावाघडा नमुना पाहायचा असेल तर ट्रेलपासून थोडं दूर हिकरी रन स्टेट पार्कात दगडांचं एक मैदान आहे. सुमारे सोळा एकर नुसते धोंडे, मध्ये एक झाड नाही. १९६७ साली त्याला राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. ब्लू माउंटनवरही प्रकार तोच आहे, फक्त वर झाडी आल्यामुळे दुरून ओळखू येत नाही.

३. डोळे दीड सेकंद पुढे

साध्या रस्त्यावर चालताना आपण पायांकडे पाहत नाही. पाऊल आपोआप पडतं, डोकं गप्पांना मोकळं राहतं. दगडांवर ही सोय संपते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चालणाऱ्यांच्या डोळ्यांवर नजर टिपणारी उपकरणं बसवून त्यांना सपाट, मध्यम आणि खडकाळ वाटांवरून चालवलं. खडकाळ वाटेवर नजर जवळजवळ सतत जमिनीवर होती, आणि ती दोन-तीन पावलं पुढे, म्हणजे वेळेत मोजली तर सुमारे दीड सेकंद पुढे खिळलेली होती. पायाशी पाहिलं तर उशीर झालेला असतो, कारण अंगाचा तोल पुढच्या पावलाकडे आधीच झुकलेला असतो. फार पुढे पाहिलं तर मधला दगड विसरतो.

नवख्यांना यातून एक साधी गोष्ट घेता येईल. पुढचा दगड पाहून मग पाय उचलण्यापेक्षा त्याच्या पुढचा आणि त्याही पुढचा पाहत चला. वेग कमी होईल, पण अडखळणं त्याहून जास्त कमी होईल. निसर्ग पाहायचा असेल तर थांबून पाहावा. चालता चालता दरीकडे पाहणं ही चैन मातीच्या वाटेवरची.

वाटेच्या खुणांचंही हेच. या ट्रेलवर झाडांच्या बुंध्यांवर ५ बाय १५ सेंटिमीटरचे पांढरे पट्टे रंगवलेले असतात, झाड नसेल तिथे दगडावरच. एकावर एक दोन पट्टे दिसले तर पुढे वळण आहे. मातीच्या वाटेवर पट्टा चुकला तरी मळलेली रेघ सांभाळून घेते. धोंड्यांवर रेघच नसते आणि मान खाली घातलेली असते, त्यामुळे भल्याभल्यांची वाट चुकते. दर काही मिनिटांनी उभं राहून पट्टा शोधावा. नाही सापडला तर शेवटचा पट्टा जिथे दिसला तिथवर मागे यावं.

४. घोटा कधी मुरगळतो?

घोट्याच्या सांध्यात एक हाड आहे, ते नडगीच्या दोन हाडांच्या बेचक्यात बसतं. हे हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पायाची बोटं वर उचलली की रुंद भाग बेचक्यात घट्ट बसतो आणि सांधा पक्का होतो. बोटं खाली झुकवली की अरुंद भाग बेचक्यात येतो आणि सांधा सैल पडतो. खुर्चीवर बसल्या बसल्या करून पाहा. बोटं वर घेऊन पाऊल डावी-उजवीकडे हलवा, मग बोटं खाली करून हलवा. फरक लगेच कळेल.

आता दगडावरून उतरताना काय होतं? खालचा दगड लांब आहे असं वाटून आपण चवडा पुढे करतो. सांधा सैल असतानाच चवडा तिरक्या कडेवर पडतो, तळवा आत वळतो, आणि पाठीवरच्या पिशवीसकट सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या अंगाच्या बंधांवर येतो. बहुतेक मुरगळी अशाच असतात. म्हणून उतरताना पाऊल छोटं घ्यावं, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि तळवा शक्यतो सपाट टेकवावा. दगड उंच असेल तर लाज न बाळगता बसून उतरावं. पिशवी पाठीवर असताना उडी मारू नये. उडीत निम्मा वेळ पाय हवेत असतात आणि दगड हलता निघाला तर मन बदलायला जागा नसते.

दोन काठ्यांचा खूप उपयोग होतो, पण धोंड्यांच्या राशीत काठीचं टोक फटीत अडकतं आणि काठीचा पट्टा मनगटात असेल तर खांद्याला हिसका बसतो. अशा टप्प्यावर पट्ट्यातून हात काढून ठेवावेत. जिथे हातांनी धरून चढायचं असतं तिथे काठ्या पिशवीला बांधूनच टाकाव्यात.

ओल्या दगडाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. गारगोटीचा कोरडा दगड खरखरीत असतो, बूट चांगला धरतो. पण त्यावर दगडफूल चढलेलं असतं, आणि पावसात ते निसरडं होतं. तिरप्या कातळावर भीतीने अंग डोंगराकडे झुकवलं तर तळव्याखालची पकड उलट कमी होते, कारण भार कातळाला दाबण्याऐवजी उताराच्या दिशेने ढकलू लागतो. ताठ उभं राहणं मनाला पटत नाही, पण पायाला पटतं.

५. वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो आजही जगभर वापरतात. ताशी पाच किलोमीटर चाल, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. एक उदाहरण सोडवू. वीस किलोमीटर वाट, ३०० मीटर चढ. चालीचे चार तास, चढाचा अर्धा तास, एकूण साडेचार.

या हिशेबात दगड कुठेच नाहीत. दगडांची किंमत किती? मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली माणसांना ट्रेडमिलच्या अशा पट्ट्यावर चालवलं, ज्याच्या पृष्ठभागात जास्तीत जास्त अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा, उंचसखलपणा होता. तेवढ्यानेही चालण्याला लागणारी ऊर्जा २८ टक्क्यांनी वाढली. ब्लू माउंटनवरचे दगड पेराच्या मापाचे नाहीत.

आता तेच उदाहरण पुन्हा सोडवू. वीसपैकी बारा किलोमीटर धोंड्यांचे धरा आणि तिथला वेग निम्मा, ताशी अडीच. त्या बाराला जवळजवळ पाच तास, उरलेल्या आठला दीड तासाहून थोडं जास्त, चढाचा अर्धा तास. सगळे मिळून सात तास होतात, तेही जेवण आणि विश्रांती न धरता. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी साडेनऊला निघालेला माणूस दुपारी दोनला पोहोचण्याच्या हिशेबात असतो, आणि जेवणखाण, विश्रांती धरून तो पोहोचेपर्यंत अंधार पडायला येतो.

पावलांचाही हिशेब करा. मातीवर साठ सेंटिमीटरचं पाऊल टाकणारा माणूस दगडांवर पंचेचाळीसचं टाकतो. किलोमीटरला सोळाशेसाठ-सत्तरऐवजी बावीसशेवर पावलं होतात. बारा किलोमीटरना सव्वीस हजारांहून जास्त. यातल्या प्रत्येक पावलाची जागा डोळ्यांनी निवडलेली असते. संध्याकाळी पायांइतकंच डोकं शिणतं ते यामुळे.

६. बूट

बूट जाड की हलके, यावर चालणाऱ्यांमध्ये कधीच एकमत होणार नाही. माझं मत सांगतो. घोटा झाकणाऱ्या बुटांवर लोकांचा नको इतका विश्वास असतो. या वाटेवर खरा मार तळव्याला बसतो. टोकदार दगड दिवसभर तळव्याला टोचतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाच टेकवणं नकोसं होतं. म्हणून तळाचं रबर पिळून पाहावं. बूट हातांनी सहज दुमडला तर तो इथल्यासाठी नाही. लांबच्या चालीत पावलं सुजतात, तेव्हा अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा.

एवढं सांगून झाल्यावर एमा गेटवूड यांचं नाव घेतलंच पाहिजे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली या ट्रेलची कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट पुरी झाली, १९४८ मध्ये अर्ल शॅफर यांनी ती एका दमात चालल्याची नोंद झाली. आणि १९५५ मध्ये ६७ वर्षांच्या गेटवूडआजी घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून, कॅनव्हासचे साधे बूट घालून एकट्याच सगळी वाट चालून गेल्या. पुढे आणखी दोनदा त्यांनी ती पुरी केली. कॅनव्हासचे बूट चांगले असं यातून सिद्ध होत नाही. त्यांनी ते कितीतरी वेळा बदलले.

७. उघडी पडलेली धार

लीहाय नदीच्या खिंडीतून उत्तरेकडे चढताना दगडांचं वेगळंच रूप दिसतं. इथे हातापायांनी चढावं लागतं आणि डोक्यावर सावली मिळत नाही. खालच्या पामर्टन गावात १८९८ पासून १९८० पर्यंत जस्त वितळवलं जात होतं. धुरातलं गंधकाचं आम्ल, जस्त, कॅडमियम आणि शिसं डोंगरावर बसत गेलं. झाडं मेली, मुळं कुजली, आणि आधीच पातळ असलेली माती पावसाने धुऊन नेली. १९८३ मध्ये सरकारने ही जागा देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत घातली. नंतर गवत पेरून बराच डोंगर पुन्हा हिरवा केला आहे. पण या धारेच्या पोटात मुळात काय भरलंय, ते इथे अजूनही उघड्या डोळ्यांनी दिसतं.

८. पाणी आणि साप

फुटलेल्या दगडांच्या माथ्यावर पाणी थांबत नाही, फटींतून खाली जातं. त्यामुळे झरे धारेच्या बरेच खाली असतात, आणि उन्हाळ्याच्या शेवटी काही आटतात. पाण्यासाठी खाली उतरून पुन्हा चढायचं, तेही दगडांवरूनच, हा हिशेब सकाळी निघतानाच करावा लागतो.

तापलेल्या खडकांवर टिंबर रॅटलस्नेक हा विषारी साप ऊन खात पडतो. शेपटी वाजवून तो बहुधा इशारा देतो, पण नेहमीच देईल असं नाही. कोकणात दगड उचलताना फुरशाची आठवण ठेवणाऱ्यांना नियम नवा नाही. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, आणि बसण्याआधी काठीने आवाज करायचा.

९. जायचं असेल तर

न्यू जर्सीत मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे आलेले आईवडीलही. एडिसनच्या भागातून डेलावेअर वॉटर गॅप गाडीने दीड तासाच्या आसपास आहे. तिथून पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने मिन्सी डोंगराच्या माथ्यावर जाणारी वाट म्हणजे प्रत्यक्ष अ‍ॅपलाचियन ट्रेल. चढ तीनशे मीटरच्या आसपास, आणि माथ्यावरून खिंडीतली नदी दिसते. दगडांची खरी ओळख करून घ्यायची असेल तर तिथून दक्षिणेला फॉक्स गॅपच्या पुढे वुल्फ रॉक्स आहेत. सह्याद्रीत दिवसाला जेवढं चालता त्याच्या निम्मं अंतर ठरवा, दोन काठ्या घ्या आणि दुपारी परत फिरायची वेळ घड्याळात लावून ठेवा. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर वुल्फ रॉक्सचा बेत रद्द करा आणि मिन्सीवर जाणाऱ्या जुन्या फायर रोडने माथा गाठा.